कोल्हापुरातून स्टार्टअप उभारताना: ओळखी, गुंतवणूक आणि तंत्रज्ञान यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न कोल्हापूर, इचलकरंजी, हुपरी आणि कागल या परिसरातील तरुण संस्थापकांनी मला वेळोवेळी समक्ष विचारलेले आहेत. कायदा आणि कर यांविषयीची उत्तरे सनदी लेखापाल किंवा कंपनी सचिव यांच्याकडे जाण्यापूर्वीची तयारी म्हणून वाचावीत. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी त्यांचा सल्ला घ्यावाच.

स्टार्टअप करायचा तर पुण्याला किंवा बंगळुरूला जावेच लागते का?

तुमचा ग्राहक कोठे आहे, यावर हे ठरते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींमधील फाउंड्री (ओतकामाचे कारखाने) व मशीनशॉप, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीचे चांदीकाम, साखर कारखाने, दूध संघ आणि गुऱ्हाळे यांपैकी कोणाची अडचण तुम्ही सोडवत असाल, तर कोल्हापूर सोडणे म्हणजे पाण्याजवळची जमीन विकून माळरान घेण्यासारखे आहे. पुण्यातील एखाद्या चमूला फाउंड्रीच्या मालकाची भेट मिळवायला महिना लागतो. तुम्ही त्याच मालकाकडे आठवड्यातून दोनदा जाऊ शकता, आणि या जवळिकीची किंमत आपल्याकडील मुलांना सहसा कळत नाही. उलट तुमचे उत्पादन बँकांसाठी किंवा परदेशी कंपन्यांसाठी असेल, तर निदान विक्रीची एक व्यक्ती मोठ्या शहरात ठेवावी लागेल. गुंतवणूकदारांच्या भेटींसाठी मात्र स्थलांतराची गरज नाही. पहिली बोलणी व्हिडिओ कॉलवर होतात, आणि मुंबईत समक्ष भेट ठरलीच तर रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस आहेच.

माझी कोणाशीही ओळख नाही. सुरुवात कोठून करावी?

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनात गुंतवणूकदारांची ओळख असते. माझ्या मते तो क्रम उलटा आहे. प्रथम ज्यांची अडचण आहे त्यांच्याशी ओळख करावी, नंतर त्या क्षेत्रात पंचवीस-तीस वर्षे काढलेल्या माणसांशी, आणि गुंतवणूकदारांशी सर्वांत शेवटी. कारण पहिल्या दोन वर्तुळांत तुमचे नाव झाले की तिसऱ्या वर्तुळात कोणीतरी हात धरून नेतेच.

कोल्हापुरात यासाठी तयार वाटा आहेत. उद्यमनगरातील कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीतील ‘स्मॅक’, गोकुळ शिरगावातील ‘गोशिमा’ आणि फाउंड्री व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संस्थेची कोल्हापूर शाखा या संघटनांच्या व्याख्यानांना आणि प्रदर्शनांना जावे. तेथे पहिल्याच दिवशी माहितीपत्रके वाटत फिरू नये. मागच्या रांगेत बसून कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, ते लिहून घ्यावे. कामगार टिकत नाहीत, वीजबिल परवडत नाही, माल नाकारला जातो, पैसे अडकतात, अशा तक्रारींचे वर्गीकरण केले तरी तीन महिन्यांत तुम्हाला तुमच्या बाजारपेठेचा असा नकाशा मिळेल, जो कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

मालकांइतकीच सुपरवायझर, पॅटर्न तयार करणारे कारागीर, हिशेबनीस आणि सुट्या भागांचे दुकानदार यांचीही ओळख ठेवावी. कोणत्या कारखान्यात नवे यंत्र येणार आहे आणि कोणता मालक नवीन गोष्ट करून पाहायला तयार असतो, हे उद्यमनगरातील बेअरिंगच्या दुकानदाराला आधी कळते. शिवाजी विद्यापीठ आणि शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालये येथील प्रयोगशाळांचाही उपयोग करावा. चाचणीच्या निमित्ताने झालेली ओळख पुढे हुशार विद्यार्थी मिळवून देते.

नव्या संस्थापकांचे एक चुकते. काम निघेपर्यंत फोन करायचे आणि काम झाले की सहा महिने गप्प बसायचे, असे केल्यास लहान शहरात त्याचा बोभाटा होतो. ज्यांनी वेळ दिला त्यांना त्यांच्या सूचनेचे पुढे काय झाले, हे चार ओळींत कळवावे. सूचना पटली नाही तर तेही कारणासह कळवावे.

अनुभवी उद्योजकाला पहिला संदेश कसा लिहावा?

संदेश थोडक्यात लिहावा, त्यात एकच मागणी असावी आणि ती पूर्ण करणे सोपे असावे. आपण कोण, कोणत्या अडचणीवर काम करतो, आतापर्यंत किती जणांशी बोललो आणि नेमके काय विचारायचे आहे, एवढे पुरे. ‘सर, आपले मार्गदर्शन हवे आहे’ या वाक्याचे उत्तर देता येत नाही. ‘आपल्या शेलमोल्डिंग विभागात कोअर तुटण्याचे प्रमाण कसे मोजतात, हे मला अर्धा तास पाहायचे आहे’ या वाक्याचे उत्तर ‘या’ किंवा ‘नको’ असे देता येते. भट्टी चालू असताना मालकाला किंवा फोरमनला गाठू नये.

कल्पना सांगितली तर ती चोरली जाईल का? गोपनीयतेचा करार करून घ्यावा का?

गुंतवणूकदार पहिल्या भेटीत असा करार सहसा करत नाहीत, कारण एकाच प्रकारच्या अनेक कल्पना त्यांच्याकडे येत असतात. तसा आग्रह धरल्यास भेट होण्याची शक्यताच कमी होते. कल्पना मोकळेपणाने सांगावी; सूत्र, आकृत्या, ग्राहकांची यादी आणि दर मात्र जपून ठेवावेत.

खरा धोका दुसरीकडे आहे. तुमच्याकडे पेटंटयोग्य यंत्रणा असेल आणि अर्ज करण्यापूर्वी तुम्ही ती एखाद्या स्पर्धेत किंवा समाजमाध्यमांवर दाखवली, तर तिचे नावीन्य संपू शकते आणि पेटंट नाकारले जाऊ शकते. म्हणून आधी तात्पुरत्या विवरणासह अर्ज करावा. ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क स्टार्टअपसाठी १,६०० रुपये आहे आणि पूर्ण विवरण दाखल करण्यास त्यानंतर १२ महिने मिळतात. केवळ संगणक-प्रणालीला भारतात पेटंट मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे. व्यापारचिन्हाचा अर्ज मात्र सर्वांनीच लवकर करावा. त्याचे ऑनलाइन शुल्क स्टार्टअपला मालाच्या किंवा सेवेच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये पडते.

चप्पल किंवा गूळ ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना आहे. कोल्हापुरी चप्पल आणि कोल्हापूरचा गूळ या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. चपलेचे मानांकन २०१९ मध्ये मिळाले आणि ते महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी आहे. दुसरीकडे बनवलेला माल या नावाने विकता येत नाही, आणि अस्सल माल विकणाऱ्यानेही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असलेल्या कारागिरांशी लेखी व्यवहार करावा.

गुंतवणूकदाराकडे केव्हा जावे?

पैसे देणारे पाच ग्राहक झाल्यावर. हा नियम मी आग्रहाने सांगतो, आणि ज्या उत्पादनाला बाजारात येण्यापूर्वीच मोठा खर्च लागतो, म्हणजे वैद्यकीय उपकरण किंवा नवे रसायन, तेवढेच त्याला अपवाद मानतो. ‘फुकट वापरून पाहतो’ म्हणणारे वीस कारखाने आणि महिना दोन हजार रुपये देणारा एक कारखाना यांत दुसराच खरा पुरावा आहे, कारण आपल्याकडचा कारखानदार माणूस पाहून चहा पाजतो, पण उपयोग पाहूनच चेक फाडतो.

आपल्याच शहराच्या इतिहासात याचे उदाहरण आहे. बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा येथेच स्वतः तयार केला, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला गायिका तानीबाई कागलकर यांनी आर्थिक पाठबळ दिले. पेंटर यांचे काम त्यांनी आधीपासून पाहिलेले होते. नव्या धंद्यातील पहिले भांडवल बहुधा अशाच, काम जवळून पाहिलेल्या माणसाकडून येते. आणि तुमचा समाधानी ग्राहक हाच पुष्कळदा पहिला गुंतवणूकदार किंवा गुंतवणूकदाराकडे नेणारा माणूस ठरतो.

एक स्थानिक उद्योजक २५ लाख रुपये देण्यास तयार आहेत, परंतु ४० टक्के हिस्सा मागतात. होकार द्यावा का?

या अटीवर देऊ नये. अशी मागणी करणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. पारंपरिक भागीदारीत पैसा घालणारा निम्मा मालक होतो, त्याच सवयीने ही मागणी येते. तरीही पुढचा हिशेब त्यांच्यासमोर मांडावा.

आज ४० टक्के दिले की संस्थापकांकडे ६० उरतात. गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीत नव्या गुंतवणूकदाराला २० टक्के दिले तर ६० चे ४८ होतात, आणि आणखी एका तशाच फेरीनंतर ३८.४ उरतात. यात कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवायचे समभाग अजून धरलेले नाहीत. रोज काम करणाऱ्या दोघांकडे मिळून तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मालकी उरलेली पाहून पुढचा गुंतवणूकदार माघार घेतो, कारण संस्थापकांना टिकून राहण्याचे कारणच उरत नाही. म्हणजे पहिल्या गुंतवणूकदाराचाही पैसा अडकतो. हे समजावून सांगितल्यावर समंजस उद्योजक २५ लाखांना १० ते १५ टक्क्यांवर येतात, असे मी पाहिले आहे.

मूल्यांकनाची भाषाही नीट समजून घ्यावी. गुंतवणुकीपूर्वीचे मूल्य ४ कोटी आणि गुंतवणूक १ कोटी असेल, तर गुंतवणुकीनंतरचे मूल्य ५ कोटी आणि गुंतवणूकदाराचा हिस्सा २० टक्के होतो. ‘४ कोटींचे मूल्य’ हे पैसे येण्यापूर्वीचे की नंतरचे, हे न विचारता होकार दिला तर तोच हिस्सा २५ टक्के होतो.

मूल्यांकनच ठरत नसेल, तर परिवर्तनीय अग्रहक्काच्या समभागांचा किंवा परिवर्तनीय नोटेचा (नंतर समभागांत रूपांतर होणाऱ्या कर्जाचा) मार्ग आहे, ज्यात हिस्सा पुढच्या फेरीच्या किमतीवरून ठरतो. परिवर्तनीय नोट केवळ सरकारी मान्यताप्राप्त स्टार्टअपलाच देता येते आणि एका व्यक्तीकडून एकाच हप्त्यात किमान २५ लाख रुपये यावे लागतात.

नातेवाइकांकडून आणि मित्रांकडून पैसे घेतले तर चालतील का?

चालतील, पण हातउसन्याच्या पद्धतीने नव्हे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला संचालकाकडून किंवा त्याच्या नातेवाइकाकडून कर्ज घेता येते, मात्र ते पैसे दुसऱ्याकडून उसने घेतलेले नाहीत असे लेखी निवेदन द्यावे लागते. संचालक, त्यांचे नातेवाईक किंवा भागधारक यांपैकी कोणीही नसलेल्या मित्राकडून कंपनीने घेतलेले कर्ज कायद्याने ‘ठेव’ ठरू शकते, आणि तो गंभीर दोष आहे. २० हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेतल्यास आयकर कायद्यानुसार तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

बाहेरच्या व्यक्तींना समभाग द्यायचे असतील, तर रक्कम वेगळ्या बँक खात्यात घ्यावी लागते, ६० दिवसांत समभागांचे वाटप करावे लागते आणि वाटपाचे विवरणपत्र कंपनी निबंधकाकडे दाखल होईपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. पैसे खात्यावर आले की लगेच यंत्राची आगाऊ रक्कम भरणारे संस्थापक मी पाहिले आहेत. पुढच्या फेरीच्या तपासणीत हाच कागद वर येतो.

कायद्यापलीकडची गोष्ट अशी, की मामांनी निवृत्तीची पुंजी दिली असेल तर ती बुडू शकते, हे त्यांना आणि मामींना एकत्र बसवून स्पष्ट सांगावे. हे सांगण्याचे धाडस होत नसेल, तर ते पैसे घेऊ नयेत.

एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) करावी की प्रायव्हेट लिमिटेड कंपनी?

बाहेरची गुंतवणूक घ्यायची असेल तर प्रायव्हेट लिमिटेड, कारण एलएलपीला समभाग देता येत नाहीत. स्टार्टअप म्हणून सरकारी मान्यता दोन्हींना मिळते.

सरकारी योजनांचा खरा उपयोग किती?

योजना पूरक असाव्यात, त्यांच्यावर धंदा उभा करू नये. १६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया उपक्रमात मान्यतेचा अर्ज विनाशुल्क आहे, त्यामुळे त्यासाठी हजारो रुपये मागणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे. मान्यता मिळाली म्हणजे आयकरात सूट मिळाली, असे नव्हे. ३ वर्षांच्या सुटीसाठी वेगळा अर्ज आणि वेगळी छाननी असते. गुंतवणूकदार ज्याबद्दल घाबरवत असत, तो ‘एंजल टॅक्स’, म्हणजे वाजवी मूल्यापेक्षा जास्त किमतीने आलेल्या गुंतवणुकीवरचा कर, २०२४ च्या अर्थसंकल्पाने रद्द झाला आहे.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या बीजभांडवल योजनेत कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज वा परिवर्तनीय रोखे अशी रचना आहे. हा पैसा निवडलेल्या इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना जागा व मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेमार्फत, येतो. म्हणून आधी तो इन्क्युबेटर सध्या अर्ज घेतो का आणि तुमच्या क्षेत्रातील यंत्रणा त्याच्याकडे आहे का, हे पाहावे. साधा उत्पादन उद्योग उभा करायचा असेल, तर जिल्हा उद्योग केंद्रामार्फत मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम अधिक सोयीचा ठरतो. सरकारी खरेदीच्या ‘जेम’ संकेतस्थळावर मान्यताप्राप्त स्टार्टअपना पूर्वानुभवाच्या आणि उलाढालीच्या अटींत सवलत मिळू शकते, याचा फायदा घेणारे आपल्याकडे फार थोडे आहेत.

सहसंस्थापक माझा वर्गमित्र आहे. आम्ही निम्मी-निम्मी वाटणी केली तर?

वाटणी निम्मी असण्यात दोष नाही. दोष आहे तो पहिल्याच दिवशी सर्व समभाग कायमचे देण्यात. सातव्या महिन्यात एकाला चांगली नोकरी लागली आणि तो ५० टक्के घेऊन गेला, तर उरलेल्याने कोणासाठी राबायचे? प्रचलित पद्धत अशी, की समभागांवरील हक्क ४ वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्का होतो आणि पहिले वर्ष पूर्ण होण्यापूर्वी सोडणाऱ्यास काहीही मिळत नाही. मैत्री घट्ट असतानाच हे लिहून घ्यावे.

आमच्यापैकी कोणालाही प्रोग्रामिंग येत नाही. अ‍ॅप बाहेरून करून घ्यावे का?

पहिली आवृत्ती बाहेरून करून घेण्यास हरकत नाही, परंतु करार वाचून सही करावी. कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रणालीचा स्वामित्वहक्क सामान्यतः मालकाकडे जातो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या व्यक्तीने किंवा कंपनीने लिहिलेली प्रणाली मात्र, तुम्ही पूर्ण पैसे दिलेत तरी, लेखी हस्तांतरण झाल्याशिवाय तिचीच राहते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार हस्तांतरणपत्रात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत असे धरले जाते. म्हणून ‘संपूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी’ हे शब्द करारात असलेच पाहिजेत. डोमेन, क्लाउड आणि अ‍ॅप स्टोअरची खाती कंपनीच्या ईमेलवर काढावीत आणि मूळ कोड दर आठवड्याला आपल्या खात्यात यावा. काम करणारा माणूस फोन उचलेनासा झाला आणि स्वतःचेच संकेतस्थळ उघडता येईना, अशी वेळ आलेल्या एका मुलीला दोन वर्षांची मेहनत पुन्हा करावी लागली.

कारखान्यासाठी किंवा शेतीसाठी तंत्रज्ञान निवडताना काय पाहावे?

ते जेथे वापरले जाणार, तेथे पूर्ण एक पाळी उभे राहून पाहावे. एका चमूने फाउंड्रीतील वाळूची आर्द्रता मोजणारी यंत्रणा तयार केली होती. साच्याच्या वाळूत ओलावा साधारण ३ ते ४ टक्क्यांच्या पलीकडे गेला की वाफ होऊन ओतीव वस्तूत पोकळ्या राहतात आणि माल नाकारला जातो, त्यामुळे अडचण खरी होती आणि मोजमापही अचूक होते. तरीही महिन्याभरात कोणी त्याकडे पाहीनासे झाले. आकडे ऑफिसमधील पडद्यावर दिसत होते आणि निर्णय वाळू मिसळणारा कामगार घेत होता. तो मुठीत वाळू दाबून, तिचा गोळा मोडून पाहत असे. त्या मुलांनी मिक्सरशेजारी एक लाल आणि एक हिरवा दिवा बसवला. त्यानंतर तोच कामगार, मुठीचा अंदाज आणि दिवा जुळत नसेल तेव्हा, त्यांना फोन करू लागला. त्याच्या फोनवरूनच सेन्सरवर वाळू साचते, हा दोष सापडला.

यंत्रणा मराठीतून, कमी टंकलेखनात आणि इंटरनेट नसतानाही चालली पाहिजे. नोंदी फोनवर साठाव्यात आणि नेटवर्क आल्यावर पुढे जाव्यात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग बंद पडला होता, हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. तळमजल्यावरच्या एकाच संगणकात ग्राहकांची माहिती ठेवणे म्हणजे पंचगंगेच्या भरवशावर धंदा ठेवणे आहे. माहितीची दुसरी प्रत शहराबाहेर असावी, आणि ती खरोखर परत उघडता येते का, हे दर पावसाळ्यापूर्वी करून पाहावे.

शेतकऱ्यांची किंवा दूध उत्पादकांची वैयक्तिक माहिती घेत असाल, तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ध्यानात ठेवावा. त्यातील सर्वांत मोठा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. गरज नसलेला आधार क्रमांक मागूच नये.

कृत्रिम बुद्धिमत्ता वापरावी का?

वापरावी, पण स्वतःचे मॉडेल तयार करण्यापूर्वी उपलब्ध सेवा जोडून काम होते का, ते पाहावे. तुमचे वेगळेपण गोळा केलेल्या माहितीत असेल: पाचशे नाकारलेल्या ओतीव वस्तूंची, कारणांसह नोंदलेली छायाचित्रे विकत मिळत नाहीत.

ग्राहक समाधानी आहेत, पण पैसे चार-चार महिने येत नाहीत. काय करावे?

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी करावी. सूक्ष्म व लघु उद्योगाने पुरवलेल्या मालाचे किंवा सेवेचे पैसे, करारात काहीही लिहिले असले तरी, कमाल ४५ दिवसांत देणे २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज लागते आणि ऑनलाइन तक्रार करता येते. वेळेत न दिलेली आणि मार्चअखेर थकलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, हे त्याच्या हिशेबनिसाला शांतपणे सांगितले तरी पुष्कळदा मार्चपूर्वी पैसे येतात.

तक्रार हा शेवटचा उपाय ठेवावा, कारण पुढचा ग्राहक त्याच औद्योगिक वसाहतीत असतो. त्यापेक्षा यंत्रणा बसवण्यापूर्वी निम्मी रक्कम आणि सेवेचे शुल्क तिमाहीच्या सुरुवातीला, अशी अट पहिल्या ग्राहकापासून ठेवावी. अट सांगताना संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. पण मागच्या दाराने उधारी देणारा स्टार्टअप प्रत्यक्षात आपल्या ग्राहकालाच बिनव्याजी भांडवल पुरवत असतो.

गुंतवणूकदाराने नकार दिला, तर पुन्हा केव्हा जावे?

नकाराचे कारण एका ओळीत विचारून घ्यावे आणि त्या कारणात आकड्यांनी दाखवता येईल असा बदल झाल्यावरच जावे. ‘ग्राहक थोडे आहेत’ असे उत्तर मिळाले असेल, तर तीनाचे अकरा झाल्यावर चार ओळींचा संदेश पाठवावा आणि त्यात त्या अकरांपैकी दोघांना फोन करून विचारण्याची मुभा द्यावी. त्या दोघांची परवानगी मात्र आधी घेतलेली असावी.